मदत हवी आहे: घोडीच्या नाकातून रक्त, उभ्या अवस्थेतच धमनी बंद करण्याची शस्त्रक्रिया मुंबई-ठाण्यात होते का?

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडला ओवळ्याजवळ माझ्या मामांचा छोटा तबेला आहे, वरातीच्या घोड्यांचा. त्यातल्या चांदणीला गेल्या आठवड्यात उभ्याउभ्याच डाव्या नाकपुडीतून रक्त आलं. ना पळाली होती, ना कुठे आपटली होती. आपोआप थांबलंही. परवा पुन्हा आलं, या वेळी दोन्ही नाकपुड्यांतून. गव्हाण, भिंत, मामांचा सदरा, सगळं लाल.

डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. घोड्यांना कान आणि घसा जोडणाऱ्या नळीला हवेची पिशवी असते, गटरल पाउच. डाव्या पिशवीच्या छताला बुरशीचा काळपट-पिवळा थर आहे, तोही नेमका मेंदूकडे जाणाऱ्या इंटर्नल कॅरोटिड धमनीवर. बुरशी धमनीची भिंत खात जाते. पुढचा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो आणि तो कधी होईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मार्ग दोन आहेत. एक, पूर्ण भूल देऊन आडवी करून. दुसरा, फक्त गुंगी देऊन आणि मानेची जागा बधिर करून, उभ्या घोडीच्या धमनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, सरकवायचा आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत धमनी बंद करणाऱ्या कॉइल, म्हणजे तारेच्या बारीक गुंडाळ्या, सोडायच्या. मला दुसरा पटतो. एवढं रक्त गेल्यावर भूल सोसेल का ही धास्ती आहेच, पण शुद्धीवर येताना घोडा कसा धडपडत उठतो ते मी पाहिलंय. तेव्हाच धमनी फुटली तर?

उभ्या घोड्याच्या मानेपर्यंत पोचेल असं सी-आर्म मशीन, म्हणजे पडद्यावर सतत चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र, इथे कुठे आहे? आणि पुण्याला न्यायची वेळ आली तर टेम्पोचा प्रवास तिला झेपेल का? मामांनी तबेल्यातच खाट टाकलीय, झोपत नाहीत.

प्रतिसाद १

ताई, मी व्हेट आहे. आधी एक सांगते: कुणी म्हणालं की हृदयाकडच्या बाजूने धमनी बांधली की झालं, तर तेवढ्यावर थांबू नका. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं वर्तुळ असतं, तिथून रक्त उलटं येतं. बुरशीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे बंद व्हायला हवी. त्याआधी एक्स-रेत दिसणारा डाय (रंगद्रव्य) सोडून धमनीचा नकाशा पाहायलाच हवा, काही घोड्यांत तिला जास्तीची फांदी असते.

रक्तस्रावानंतर लगेच काढलेला पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते) फसवा असतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. साडेतीनशे किलोच्या घोडीत साधारण २८ लिटर रक्त असतं, म्हणजे बादलीभर गेलं तरी वाचू शकते. रक्त देणारा घोडा मात्र आधीच हेरून ठेवा. गिळताना ठसका लागतो का? त्या पिशवीतून गिळण्याच्या नसा, म्हणजे मज्जातंतूही, जातात. धमनी बंद झाली की बुरशी बहुधा ओसरते, पण नस दुखावली असेल तर ती पुन्हा काम करेलच असं नाही.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सर्जरी विभागाला उद्याच फोन करा. प्रवासाचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं. न्यायचीच झाली तर पहाटे गारव्यात, मोतद्दार सोबत ठेवून.

धागाकर्ती

खूप आभार, डॉक्टर. ठसका लागतो, कालपासून, कोरडी कुट्टी खाताना. चारा भिजवून देऊ का? परळला सकाळी फोन करतेच. सी-आर्मचं कुणाला माहीत असेल तर रात्री कितीही वाजता लिहा, जागीच आहे.

प्रतिसाद १

हो, भिजवून, आणि जमिनीवरच ठेवा, मान खाली राहू दे. ताप दिवसातून दोनदा बघा, ठसक्याने चारा फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो.