शब्दचर्चा: मिडलवेअर, राउट आणि त्यांच्या भोवतीची क्रियापदं

विचारणा

वेब ॲप्लिकेशन कोडमध्ये कसं रचतात, यावर नवशिक्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. पहिल्याच परिच्छेदात अडले. सांगायचं एवढंच आहे की ॲप्लिकेशन म्हणजे ओळीने लावलेली काही मिडलवेअर (ब्राउझरकडून आलेली मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, आधी ज्यांतून जाते ते कोडचे तुकडे) आणि त्यांच्या पलीकडे काही राउट (कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालवायचा त्याच्या नोंदी). मी 'मध्यस्थ' आणि 'मार्ग' असे शब्द घातले होते. वाचून दाखवलं तेव्हा एकाने विचारलं, "मध्यस्थ आहे म्हणजे वाद कुणाकुणात आहे?" त्याने ते अगदी मनापासून विचारलं होतं. दुसरा शब्द आहे का, की मूळ शब्दच ठेवू?

उत्तर

त्याने नेमकी दुखरी जागा पकडली. मराठीत मध्यस्थ म्हटलं की दोन पक्ष आले, त्यांच्यातला पेच आला आणि तो सोडवणारा तिसरा माणूस आला. मिडलवेअरपुढे कसलाच पेच नसतो. रिक्वेस्ट येते, ते आपलं काम करतं आणि तिला पुढे सोडतं. कधी पुढे न सोडता तिथूनच परत पाठवतं. बस्स.

गोंधळाचं मूळ इंग्रजी शब्दातच आहे, कारण तो दोन अर्थांनी चालतो. जुना अर्थ 1968 इतका मागे जातो. त्या वर्षी जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर परिषद भरवली होती आणि तिच्या अहवालात हा शब्द सापडतो. तिथे तो संगणकाची मूळ यंत्रणा आणि वर चालणारे प्रोग्रॅम यांच्या मधल्या थराला वापरलेला आहे. या अर्थाला 'मध्यस्तर' हा शब्द चपखल बसतो. तो जरूर वापरा.

तुमच्या टिपणातलं मिडलवेअर वेगळं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगात 2003 मध्ये पेप 333 हा दस्तऐवज आला. सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम त्यात आहेत आणि मिडलवेअरची ओळखही फार नेमकी करून दिली आहे: जे सर्व्हरला ॲप्लिकेशनसारखं दिसतं आणि ॲप्लिकेशनला सर्व्हरसारखं, ते मिडलवेअर. माझ्या मते सगळा अर्थ या एका वाक्यात आहे. दोन्हीकडून तोंड सारखंच असल्यामुळे एकावर एक कितीही चढवता येतात आणि आतल्याला बाहेर किती आहेत याचा पत्ताही लागत नाही. ('दुतोंडी' हा शब्द अर्थाने जवळ आहे, पण मराठीत त्याला लबाडीचा वास आहे, म्हणून सोडून दिला.) पुढे 2007 मध्ये रुबी भाषेत रॅक ही लायब्ररी आली, 2010 मध्ये नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) कनेक्ट आणि एक्सप्रेस ही फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप्लिकेशन रचायचे तयार सांगाडे, आली, आणि हाच अर्थ सगळीकडे रुळला.

आता हे मराठीत समजवायचं कसं? वेळ मोजणारं एक छोटं मिडलवेअर घ्या. रिक्वेस्ट आली की घड्याळ बघायचं. पुढच्याला हाक मारायची. तो परतला की पुन्हा घड्याळ बघायचं आणि वजाबाकी नोंदवून ठेवायची. चार ओळींचं फंक्शन आहे. 'पुढच्याला हाक' या ओळीच्या वर जे लिहिलंय ते आत जाताना घडतं, खाली जे लिहिलंय ते बाहेर येताना. म्हणजे रिक्वेस्ट आणि तिचा रिस्पॉन्स (उत्तर) मिळून प्रत्येक मिडलवेअर दोनदा ओलांडतात, जाताना ज्या क्रमाने, येताना त्याच्या उलट. पायथॉनच्या जँगो या फ्रेमवर्कच्या दस्तऐवजात यासाठी कांद्याची उपमा दिली आहे. मराठीत तिला 'पापुद्रा' हा तयार शब्द मिळतो. 'थर' म्हटलं की एकावर एक रचलेलं, वरून खाली जाणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पापुद्रा गाभ्याला चारी बाजूंनी वेढतो, त्यामुळे आत जायचं तरी तो ओलांडायचा आणि बाहेर यायचं तरी तोच.

तरीही नाम म्हणून 'मिडलवेअर' हेच ठेवा. शिकणाऱ्याला तोच शब्द कोडमध्ये टंकायचा आहे, एरर आली की तोच शोधायचा आहे. 'पापुद्रा' एकदा समजावताना वापरा आणि पुढे जा. मराठीपण नामात कमी आणि क्रियापदात जास्त असतं, असं मला वाटतं. 'मिडलवेअर ॲप्लाय करणे' नको. आपण सगळे बोलताना 'मिडलवेअर लावणे' म्हणतोच. लावणे हे क्रियापद इथे फार कामाचं आहे: रांग लावणे, पत्ते लावणे, कामाला लावणे. क्रम आणि नेमणूक दोन्ही त्यात आपसूक येतात, आणि मिडलवेअरमध्ये या दोनच गोष्टी महत्त्वाच्या.

पुरवणी

वरच्या उत्तराशी सहमत आहे, फक्त पापुद्र्याची उपमा सगळ्या फ्रेमवर्कांना सरसकट लावू नका. घड्याळाचं तेच उदाहरण एक्सप्रेसमध्ये तसंच्या तसं लिहिलं तर आकडे खोटे येतात, आणि हे मी स्वतः भोगलं आहे. नोंदीत सगळ्या रिक्वेस्ट दोन-तीन मिलिसेकंदांत आटोपलेल्या दिसत होत्या आणि वापरणारे मात्र पान हळू उघडतं म्हणून तक्रार करत होते. एक्सप्रेसमधलं 'नेक्स्ट' पुढच्याला हाक मारतं, पण त्याचं काम पुरं होईपर्यंत थांबत नाही. आतला राउट डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो आणि 'नेक्स्ट'खालची ओळ तोवर उरकलेली असते. खरा वेळ हवा तर रिस्पॉन्सच्या 'फिनिश' या घटनेवर कान ठेवावा लागतो. कोआ या नोडवरच्याच दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये पुढच्यासाठी थांबता येतं, तिथे पापुद्रा शोभतो. एक्सप्रेससाठी मी 'साखळी' म्हणेन. क्लोजर भाषेच्या रिंग या लायब्ररीत तर मिडलवेअरच्या नावांची सुरुवातच 'रॅप'ने होते. तिथे 'गुंडाळणे' हे क्रियापद घ्या: मूळ फंक्शन सेशनमध्ये गुंडाळलं, ते कुकीमध्ये गुंडाळलं.

आणखी एक. एक्सप्रेसमध्ये एरर हाताळणारं मिडलवेअर ओळखायची खूण म्हणजे त्याचे चार पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या गोष्टी). आमच्याकडे एकाने चौथा कुठेच वापरलेला नाही म्हणून साफसफाईत काढून टाकला. तीनच उरल्यावर एक्सप्रेसने त्याला साधं मिडलवेअर धरलं आणि एरर आली की त्याला वगळून पुढे जायला लागलं. टिपणांत हे आवर्जून लिहा: तो चौथा पॅरामीटर वापरात नसला तरी 'बिनकामाचा' नाही.

विचारणा

दोघांचेही आभार. 'लावणे' आणि 'गुंडाळणे' दोन्ही घेते. राउटचं काय? 'मार्ग' ठेवू?

उत्तर

'मार्ग' दिसतो सोपा, पण दोन ठिकाणी अडतो.

पहिलं म्हणजे पाथसाठी काय ठेवणार? यूआरएलमधला तिरप्या रेघांनी तुटलेला तुकडा म्हणजे पाथ, आणि मार्ग म्हटल्यावर वाचकाला तोच आठवतो. राउट त्याहून मोठा असतो. कोणती मेथड (गेट, पोस्ट वगैरे), पाथचा कोणता साचा आणि जुळल्यावर कोणतं फंक्शन चालवायचं, या तिन्हींची मिळून एक नोंद म्हणजे राउट. म्हणून राउट 'काढत' किंवा 'आखत' नाहीत, 'नोंदवतात'. 'लेखांच्या पाथवर पोस्टचा राउट नोंदवला' हे वाक्य बरोबर आहे. 'राउट मारला' हे बोलण्यात फार ऐकू येतं, पण त्याचा अर्थ त्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवली असा असतो. म्हणजे गोष्टच वेगळी.

दुसरं, हा शब्द लॅटिन 'रुप्ता' वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. रुप्ता म्हणजे फोडलेली, तोडलेली वाट. आपणही 'वाट फुटेल तिकडे' म्हणतो, रस्त्याला फाटा फुटतो. मला राउट समजावताना 'फाटा' जास्त जवळचा वाटतो. रिक्वेस्ट एका सरळ रस्त्याने मिडलवेअर ओलांडत येते आणि इथे पहिल्यांदा प्रश्न पडतो की वळायचं कुठे.

फाट्यावरून क्रमाचा मुद्दाही पटकन कळतो. समजा दोन राउट आहेत: एकाचा साचा 'लेख/:क्रमांक' (':' म्हणजे त्या जागी काहीही चालेल) आणि दुसऱ्याचा 'लेख/नवा'. एक्सप्रेसमध्ये याच क्रमाने नोंदवले तर नवा लेख लिहायचं पान कधीच उघडणार नाही. रिक्वेस्टला आधी पहिला फाटा दिसतो, 'नवा' हाच क्रमांक समजून ती तिथे वळते, डेटाबेसमध्ये 'नवा' क्रमांकाचा लेख शोधला जातो आणि हाती 404 (सापडलं नाही) येतो. ओळी उलट केल्या की सगळं सुरळीत. गो भाषेत 1.22 या आवृत्तीपासून (2024) मात्र अधिक नेमका साचा आपोआप जिंकतो, ओळी कशाही लिहा. तिथे फाट्यापेक्षा 'कोष्टक' म्हणणं बरं.

लिहिताना 'राउट' लिहा, 'रूट' नको. रूट हाही इंग्रजी उच्चार आहे, पण देवनागरीत तो मुळाच्या रूटशी एकरूप होतो. मग 'रूट रूट' म्हणजे नुसत्या तिरप्या रेघेचा पाथ, की सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, की आणखी काही? 'मूळ राउट' म्हटलं की प्रश्न मिटतो.

विचारणा

शेवटची दोन कोडी. लिंग कोणतं धरायचं? आणि ऑथेंटिकेशन, ऑथरायझेशन यांना मी 'प्रमाणीकरण' आणि 'प्राधिकरण' लिहिलंय.

उत्तर

लिंगाचा निर्णय कानाने आधीच करून टाकला आहे. ते मिडलवेअर, कारण ते सॉफ्टवेअर. ती रिक्वेस्ट, विनंतीमुळे. तो रिस्पॉन्स, प्रतिसादामुळे. राउट मी 'तो' म्हणतो.

'प्राधिकरण' मात्र काढाच. मराठी वाचकाला प्राधिकरण म्हणजे एखादी अधिकारी संस्था, आणि ते बरोबरच आहे. मिडलवेअर लावताना या दोन्हींचा क्रम चुकवून चालत नाही, त्यामुळे शब्द ऐकताक्षणी वेगळे वाटायला हवेत. एकाला 'ओळख पटवणे' म्हणा आणि दुसऱ्याला 'मुभा तपासणे'. कोण आहे ते कळल्याशिवाय त्याला मुभा आहे का हे विचारताच येत नाही. क्रम शब्दांतूनच सांगितला गेला. यात इंग्रजीचाही घोळ आहे: सर्व्हरच्या 401 या उत्तराचं नाव 'अनऑथराइज्ड' आहे, पण ते द्यायचं असतं ओळख पटलेली नसताना. ओळख पटली, पण मुभा नाही, तिथे 403.

आणि लॉगिनचं पान ओळख पटवणाऱ्या मिडलवेअरच्या आत ठेवू नका, हेही त्याच पानावर लिहा. ओळख नाही म्हणून लॉगिनकडे धाडायचं आणि लॉगिनलाही ओळख हवी म्हणून पुन्हा लॉगिनकडे धाडायचं, असं सुरू होतं. शेवटी ब्राउझरच कंटाळून हात टेकतो. त्या पानाचा राउट या मिडलवेअरच्या आधी नोंदवायचा.

विचारणा

परिच्छेद नव्याने लिहिला आहे, बघा: "रिक्वेस्ट आली की ती ज्या क्रमाने मिडलवेअर लावली आहेत त्याच क्रमाने त्यांच्यातून आत जाते. वाटेत एखादं मिडलवेअर तिला तिथूनच परतवू शकतं. सगळी ओलांडली की नोंदवलेल्या राउटपैकी जुळेल त्या फाट्यावर ती वळते आणि तिथलं फंक्शन रिस्पॉन्स तयार करतं. परत येताना रिस्पॉन्स सगळ्या मिडलवेअरमधून उलट क्रमाने बाहेर पडतो."

उत्तर

छान वाहतंय. शेवटच्या वाक्यातला 'सगळ्या' तेवढा बदला. एखाद्या मिडलवेअरने मधूनच परतवलं असेल तर त्याच्या आतली मिडलवेअर रिस्पॉन्सला लागतच नाहीत. 'ओलांडलेल्या मिडलवेअरमधून' असं करा.

पुरवणी

आणि एक्सप्रेसवर लिहिणार असाल तर ते शेवटचं वाक्य त्या प्रकरणात घेऊच नका, कोआच्या प्रकरणात न्या.