पांचट, पाचकळ की आचरट?

परवा घरी साइनफेल्ड या अमेरिकन विनोदी सिरीयलचा तो उलटा एपिसोड लावला, १९९७ चा, भारतातल्या लग्नाचा, गोष्ट शेवटापासून सुरू होऊन मागे मागे जाते. पाच मिनिटांत भावाने "काय पांचट आहे" म्हणत मोबाईल काढला, वहिनी म्हणे पांचट नाही हो, पाचकळ म्हणा, आणि आई किचनच्या दारातूनच "आचरट मेले!" तर या तिघांत फरक आहे की आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातले लोक सगळं एकाच पातेल्यात ढवळतो?

—

फरक आहे ना! पांचट म्हणजे आधी जिभेला लागणारं. ताकात, वरणात पाणी जास्त झालं की पांचट. मामलेदार मिसळीच्या तर्रीला कुणी पांचट म्हणून दाखवावं. तसंच जोकमध्ये दम नसला की पांचट, आमच्या कॉलेजात तर पीजेचा फुलफॉर्मच पांचट जोक होता.

—

पाचकळ मात्र माणसाच्या बोलण्याला, म्हणजे ओढूनताणून कोट्या करणारा, नको तिथे सलगी दाखवणारा. त्यात चीड असते, पांचटमध्ये नुसता कंटाळा. आणि आचरट हे वागण्याला. तुमच्या आईंना दारातून ऐकू काही येत नसणार, नुसते चाळे दिसले असतील, म्हणून त्यांचा शब्द बरोबरच 😄

—

चौथा शब्द विसरलात, वात्रट. यात खोडी मुद्दाम काढलेली असते आणि काढणाऱ्याला डोकं असतं, म्हणून तर पाडगावकरांच्या वात्रटिका झाल्या, पाचकळिका नाही झाल्या. याच सिरीयलचा १९९१ चा एक एपिसोड आहे, अख्खा वेळ चायनीज हॉटेलात टेबल मिळायची वाट बघतात, बस, एवढंच. चॅनलवाल्यांनाही यात गोष्टच नाही असं वाटलं होतं, म्हणजे त्यांच्या लेखी पांचटच की. पण रविवारी रात्री घोडबंदर रोडला हॉटेलबाहेर नाव लिहून पोरंबाळं घेऊन ताटकळलेल्या माणसाला विचारा.

—

वात्रट! हाच पाहिजे होता. कारण परत बघितला तेव्हा कळलं, त्यातला जॉर्ज भारतातसुद्धा ते जाड बूट पायातून काढत नाही याचं उत्तर नंतर येतं, म्हणजे खरं तर आधी घडलेलं असतं, की त्याची मैत्रीण त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याने हेच बूट घातलेले, उंची वाढवणारे, आता काढणार कसे. शिवाय नवरदेवाचं नाव पिंटर, कारण हॅरॉल्ड पिंटरचं १९७८ चं नाटक असंच उलटं जातं आणि एपिसोडला नावही त्या नाटकाचंच दिलंय. ही खोडी पहिल्यांदा बघताना मला अजिबात दिसली नव्हती, त्यामुळे भावाला तरी काय बोलणार, तो बुटांच्या आधीच उठला.

त्याला काल बुटांचं सांगितलं. म्हणतो, "मग हे आधी दाखवायचं ना!"

याला कुठला शब्द लावू?