घरात लहान मुलं आहेत, कुत्रा कोणता आणावा? (अनुभव धागा)

ओसरी
परीक्षा संपत आल्या की दरवर्षी तोच फोन येतो. "मुलं मागे लागलीत, लॅब्राडोर घेऊ की बीगल?" आजही आला, आणि वाड्याच्या ओसरीवर पसरलेला मोती आठवला. पोरांचा गराडा असायचा त्याच्याभोवती, पण तो जेवत असताना कुणी जवळ गेलं की आजी ओरडायची. ती का ओरडायची ते आता कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जात सगळ्यात शेवटी ठरवा. आधी घरातल्या धाकट्या मुलाचं वय बघा, मग घर रोज किती तास रिकामं असतं ते, मग कुत्र्याचं वय. धाकटं मूल पाचाच्या आतलं असेल तर पिल्लू नकोच. दोन वर्षांपुढचा, मुलांत राहिलेला, शांत कुत्रा बघा. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, अगदी सुया. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांत ते पडून ४२ पक्के दात येतात आणि तोवर समोर येईल ते चावलं जातं. रांगत्या बाळाची बोटं नेमकी त्याच उंचीवर. बाळ किंचाळतं, पिल्लाला वाटतं खेळ रंगलाय, ते अजून जोरात धरतं. मग "चावरा निघाला" म्हणून त्याची रवानगी.

माहितगारांनी लिहा. तपशिलात लिहा, "लॅब बेस्ट" एवढंच नको.

दुपारचा चहा
लॅबबद्दलच लिहिते, कुकर लावलाय तोवर. मुलांचं सोसून घेणारी जात, यात वाद नाही. पण वजनाचा विचार कुणी करत नाही. आणताना पाचेक किलो, आठ-नऊ महिन्यांत पंचवीसच्या आसपास, आणि डोकं पुढे दोन वर्षं पिल्लाचंच. चार वर्षांचं मूल पंधरा-सोळा किलोचं. लॅब चावत नाही, पाडतो.

पहिल्या दिवसापासून एकच नियम: चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड. उडी मारली की पाठ फिरवायची, हात छातीशी, तोंडातून एक शब्द नाही. "नको नको" म्हणत ढकललं तर त्याला तेही लाडच वाटतात. घरातल्या सगळ्यांनी पाळलं तर काही आठवड्यांत फरक दिसतो. आजोबांनी उडीवर एकदा बिस्किट दिलं की पुन्हा श्रीगणेशा. आणि हो, आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. लॅबमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात येतो. शिट्टी झाली, येते.

गच्चीवरची बाग
आणि केस गळतात. बारा महिने.

कातळ
आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी फुकट दिलं तरी आणू नका. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे ते विकताही येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचा कागद मागितल्यावर समोरचा विषय बदलायला लागला तर तिथूनच मागे फिरा.

कायद्याहून मोठं कारण वेगळं आहे. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ बंद पडतो. आईला जोरात ओढलं की ती उठून जाते. किती जोर म्हणजे जास्त, हे पिल्लू याच दिवसांत तिथंच शिकतं. पस्तिसाव्या दिवशी उचललेलं पिल्लू हा धडा न घेता येतं, मग तो तुमच्या मुलाच्या हातावर गिरवला जातो.

बघायला जाल तेव्हा आईला बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. "आई फार्मवर आहे" हे उत्तर घेऊ नका. परक्या माणसाला बघून आई कोपऱ्यात दबली किंवा अंगावर आली, तर पिल्लं कितीही गोड असोत, नको. पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी आणि ओली हवी. फिकट पांढरी म्हणजे रक्त कमी, बहुधा जंत नाहीतर पिसवा-गोचीड. बरगड्या दिसतात आणि पोट मात्र ढोल, हेही जंतच. शेपटीखालचे केस चिकटलेले म्हणजे जुलाब.

लस: पहिली सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि शेवटची सोळावा आठवडा झाल्यावर. आईकडून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ते नेमकं कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून एवढे डोस. "दोन झाले, आता पुरे" करणारी पिल्लंच पार्व्होत (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा, पसरणारा आजार) सापडतात. रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी.

पाचवा मजला
@कातळ, यात एक भर. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरातच कोंडतात, ती दुसरी चूक. माणसं, आवाज, वस्तू यांना सरावायचा काळ तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. म्हणून जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन फिरवायचं. रिक्षा, शाळा सुटतानाचा गलका, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला. रोज दहा मिनिटं पुरतात. मुलांचा आवाज या काळात न ऐकलेला कुत्रा पुढे मुलांना घाबरतो, आणि घाबरलेलाच जास्त चावतो.

मधली सुट्टी
दूध-पोळी चालते ना? आमच्याकडे सगळे कुत्रे त्यावरच मोठे झाले.

कातळ
पोट भरतं, पण वाढत्या पिल्लाला त्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम पुरत नाही. दुधाने बऱ्याच जणांना जुलाब होतात. पिल्लाचं खाणंच द्या, चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा. मोठ्या जातीला "मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी" लिहिलेलं. वरून कॅल्शियमचं औषध मनाने देऊ नका, हाडं वेडीवाकडी वाढतात.

मुलांच्या घरात खरी भीती डब्याची असते. चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, बेदाणे, शुगर-फ्री च्युइंग गम. गणपतीत खिरापतीतले बेदाणे मुलं प्रेमाने भरवतात. त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ले म्हणजे धोका याचा नेम नाही. खाल्लेलं कळलं की उलटी-सुस्तीची वाट न बघता लगेच डॉक्टर.

मधली सुट्टी
बापरे. खिरापतीचं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद.

रानवारा
गावठीचं नाव अजून कुणी घेतलं नाही! अंगावर केस आखूड, उन्हाळा सोसतो, जातिवंतांतले पिढीजात आजार कमी, आणि मोठा कुत्रा घेतलात तर स्वभाव आधीच दिसतो, अंदाज करावा लागत नाही. पण रस्त्यावरून थेट उचलून मुलांत सोडू नका. संस्थेतला किंवा कुणीतरी तात्पुरता घरी सांभाळलेला घ्या.

भेटायला गेलात की अंगावर वाकू नका. थोडं तिरकं होऊन जमिनीवर बसा, त्याला येऊ द्या. आला की मानेच्या बाजूने तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. पुन्हा अंग चिकटवलं, नाकाने हात उचलला, तर त्याला हवंय. अंग झटकून बाजूला झाला तर त्याने नाही म्हटलंय. असं पाच-सहा वेळा. मग चार-पाच हात अंतरावर स्टीलची वाटी पडू द्या. दचकला तरी हरकत नाही, किती वेळात सावरून वास घ्यायला येतो ते बघा. लहान मुलाच्या घरात दिवसभर भांडीच पडत असतात. जो रोज खाऊ घालतो त्याला एकच विचारा: "याच्या ताटाजवळून दुसरा कुत्रा गेला तर हा काय करतो?" त्या उत्तरात खूप काही मिळतं. मुलांना दुसऱ्या भेटीला न्या, पहिल्या नाही.

सातासमुद्रापार
इकडे अमेरिकेत बरेच शेल्टर दोन-तीन आठवडे कुत्रा घरी नेऊन बघू देतात, मग दत्तकाचे कागद. पुण्या-मुंबईतल्या संस्थांनाही विचारून बघा. पहिले तीन दिवस कुत्रा दबलेला असतो, "किती शांत" म्हणून भुलू नका. खरा स्वभाव तीनेक आठवड्यांनी उलगडायला लागतो.

रानवारा
अगदी. पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका. सगळ्या बिल्डिंगची पोरं बघायला येतात आणि तिथंच बिघडतं.

पारा पंचेचाळीस
विदर्भातून लिहितोय. इथं मे महिन्यात हस्की आणि सेंट बर्नार्ड बघून जीव तुटतो. पगचंही सांगतो, कारण "छोटा आहे, मुलांना बरा" म्हणून तोच घेतात. कुत्रा तोंडाने धापा टाकून अंग गार करतो. पगचं नाक-घसा आखडलेला, धाप पुरी पडत नाही. सुट्टीतली मुलं भर दुपारी चेंडू फेकतात, हाही बिचारा धावत राहतो, थांबत नाही. जीभ जांभळट, लाळ घट्ट, पाय लटपटायला लागले तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसेच दवाखाना गाठा. बर्फात बसवू नका. फिरवायला सकाळी सातच्या आत. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टिकत नसेल तर त्याचे पायही टिकत नाहीत.

शेताकडची वाट
कारवानी (आपल्याकडचा शिकारी कुत्रा) मुलांबरोबर कसा राहतो? लातूर-सोलापूरकडे सहज मिळतो.

रानवारा
शेत असेल आणि मुलं आठ-दहाच्या पुढची असतील तर उत्तम. घरच्यांना जीव लावतो. पण धावण्यासाठी घडलेला कुत्रा आहे, फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात. कातडी पातळ, ओरडलेलं मनाला लावून घेतो, झोपेत हात लावला की दचकतो. पळणारी वस्तू दिसली की मागे सुटतो, म्हणून उघड्यावर पट्टा सोडायचा नाही. शेजारच्यांच्या कोंबड्या असतील तर आधीच विचार करा.

पाचवा मजला
आता मुलांना काय शिकवायचं ते. कुत्रा निवडण्याइतकंच हे महत्त्वाचं, आणि हेच राहून जातं.

"अचानक चावला" असं जवळजवळ कधी नसतं. मूल गळ्यात पडलंय, आई फोटो काढतेय, तेव्हा कुत्र्याच्या तोंडाकडे बघा. तोंड मिटलेलं. जीभ एकदा पटकन नाकावरून फिरते. मान दुसरीकडे, पण डोळे मुलाकडे, म्हणून बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसते. अंग ताठ. झोप नसताना जांभई. त्याने पाच वेळा सांगून झालेलं असतं. यानंतर गुरगुरणं येतं, आणि त्यासाठी त्याला मारू नका. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, राग सोडत नाही, मग पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात. मुलाला बाजूला घ्या आणि कशावरून झालं ते शोधा. नेहमी गरीब असलेला एकाएकी गुरगुरला तर कान, दात, सांधे तपासून घ्या, दुखत असतं.

मुलांसाठी: जेवताना, झोपलेला असताना, हाड चघळताना जायचं नाही. मिठी नाही, पाठीवर बसणं नाही. अंगावर धावला तर पळायचं नाही, झाड व्हायचं: हात अंगाशी, नजर पायाकडे, गप्प उभं. घरात त्याची एक जागा अशी ठेवा की तिथं मुलांना बंदी, क्रेट (त्याचा पिंजरा) किंवा टेबलाखालची गादी. आणि पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे नाहीत. मोबाईल बघत बसलेला मोठा माणूस त्यात मोजू नका.

गच्चीवरची बाग
ही झाड व्हायची गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

कातळ
दात लागलाच, ओरखडा का असेना, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. घरचा कुत्रा असला तरी त्याच दिवशी डॉक्टर. सरकारी दवाखान्यात रेबीजची कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. रक्त आलं असेल तर जखमेत सीरम (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) लागतं का ते स्वतःहून विचारा. शेवटचा डोस टाळू नका.

पाऊलवाट
विषयाला सोडून विचारते. आमचा बारा वर्षांचा मागच्या महिन्यात गेला. लेक रोज विचारते, दुसरा कधी. लगेच आणावा का?

दुपारचा चहा
ताई, वाईट वाटलं. घाई करू नका. लेकीशी त्याच्याबद्दल बोलत राहा, "झोपला" असं सांगू नका, लहान मुलं मग झोपायला घाबरतात. तिला "त्याच्यासारखाच" हवा असेल तोवर थांबा, "नवा" हवा असं म्हणायला लागली की बघा. वाट्या-पट्टे नीट धुवून ठेवा. पार्व्होने गेला नसेल तर ते वापरता येतात.

पाऊलवाट
वयाने गेला. बरं केलंत सांगितलंत.

मधली सुट्टी
सोसायटीवाले लिफ्टमध्ये कुत्रा नको म्हणतात, काय करायचं?

ओसरी
भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही मनाई करता येत नाही. छापून सेक्रेटरींना द्या. सोबत महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचं कार्ड. लिफ्टमध्ये पट्टा आखूड, कुत्रा कोपऱ्यात, मधे तुम्ही. आत लहान मूल असेल तर पुढची लिफ्ट घ्या. घाण उचलायची पिशवी हातात दिसू द्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

शेवग्याची शेंग
कोकणातून: पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) लस राहू देऊ नका, ती दरवर्षी लागते. गोचीड कान, काख आणि पायाच्या बोटांमधे बघा. चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ वर ओढा. रॉकेल, काडी लावू नका. मुलांना हाताने चिरडू देऊ नका.

दुपारचा चहा
आले परत. गेटचं राहिलं. स्वयंपाकघराच्या दाराला बाळांसाठीचं गेट लावता ना, त्याच्या आडव्या पट्ट्या नकोत, उभे गज हवेत. आडव्यावर मूल चढतं आणि पलीकडे कुत्रा बसलेला असतो.