कारखाना बंद करताना आलेले अनुभव : ‘आधी त्यांचे पत्र आणा’

धागाकर्ता :

लघुउद्योग कसा सुरू करावा, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तो रीतसर बंद कसा करावा, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ज्यांनी आपला कारखाना, वर्कशॉप किंवा भाड्याचा गाळा बंद केला, अथवा तसा प्रयत्न केला, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. कोणत्या कार्यालयाने कोणाकडे बोट दाखवले आणि कोंडी कशी फुटली (किंवा अजून फुटली नाही), एवढे सांगितले तरी पुरे. कार्यालयांची आणि अधिकाऱ्यांची नावे कृपया टाळावीत. अनेकांची प्रकरणे अजून प्रलंबित आहेत.

सुरुवात मी करतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका औद्योगिक वसाहतीत, भाडेपट्ट्याने मिळालेल्या भूखंडावर माझे मशीन शॉप होते. डिझेल इंजिनांच्या जुन्या, यांत्रिक पद्धतीच्या इंधनपंपांचे सुटे भाग आम्ही बनवत असू. १ एप्रिल २०२० पासून वाहनांना बीएस-६ ही उत्सर्जनाची मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांतून आमचे काम संपले. दुरुस्तीच्या बाजारावर काही काळ तग धरला, पण त्यावर पगार निघेनात. तेव्हा कामगारांची सर्व देणी चुकती करून भूखंड हस्तांतरित करावा, असे आम्ही भागीदारांनी ठरवले. गिऱ्हाईकही मिळाले होते.

हस्तांतरणासाठी वसाहतीच्या कार्यालयाने इतर कागदांबरोबर कारखाना परवाना रद्द झाल्याचा दाखला मागितला. परवान्याच्या कार्यालयाने कामगार कार्यालयाचे ‘हरकत नाही’ असे पत्र मागितले. कामगार कार्यालयातील साहेबांनी शांतपणे समजावून सांगितले, की औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कलम २५-एफएफए नुसार कारखाना बंद करण्यापूर्वी ६० दिवसांची नोटीस देण्याची अट ५० किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना आहे. आमच्याकडे तेवढे कामगार कधीच नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे येण्याचे आम्हाला कारणच नाही. हे उत्तर कायद्याला धरून होते. “मग एवढेच लिहून द्या,” असे मी म्हणालो, तर ते म्हणाले, “जे तुम्हाला लागूच नाही, त्याचे पत्र मी कोणत्या नियमाखाली देऊ?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि परवान्याच्या कार्यालयाला तो ऐकून घ्यायचा नव्हता. आमच्याकडे शंभरावर कामगार असते, तर निदान अर्ज कोणाकडे करायचा हे तरी कायद्यात लिहिलेले सापडले असते. लहान असल्यामुळे मिळालेली सूटच आमच्या वाटेत आडवी आली.

कोंडी फुटली ती लेखी प्रश्नामुळे. परवान्याच्या कार्यालयाला मी पत्र दिले, की असे ना-हरकत पत्र ज्या कलमानुसार किंवा नियमानुसार आवश्यक आहे, ते मला कळवावे. सोबत प्रत्येक कामगाराला कलम २५-एफएफएफ नुसार, म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाप्रमाणे, दिलेल्या भरपाईच्या आणि उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) पावत्या जोडल्या. हाच प्रश्न माहितीच्या अधिकारातही विचारला. तसा नियम अभिलेखात आढळत नसल्याचे उत्तर हातात आल्यावर फाईल पुढे सरकली. तोवर गिऱ्हाईकाने दुसरीकडे जागा घेतली होती, हा भाग वेगळा. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यामुळे आता कलमांचे क्रमांक बदलले आहेत, अर्ज करताना नवे क्रमांक तपासून घ्यावेत.)

प्लेटिंगवाली :

सासऱ्यांनी सुरू केलेला झिंक प्लेटिंगचा (धातूवर जस्ताचा मुलामा देण्याचा) कारखाना मी आणि माझे दीर मिळून चालवत होतो. आमचे घोडे कामगारांवर अडले नाही, गाळावर अडले. प्लेटिंगच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केली, की खाली गाळ उरतो आणि तो घातक कचऱ्यात मोडतो. तो कुठेही टाकता येत नाही, हे योग्यच आहे. अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे, प्रत्येक फेरीचा मॅनिफेस्ट (वाहतुकीचा नोंद-कागद) भरूनच तो पाठवावा लागतो.

आम्ही उत्पादन थांबवले तेव्हा शेवटचा काही गाळ पिंपांत भरलेला होता, आणि त्याच सुमारास आमच्या संमतिपत्राची (कारखाना चालवण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळणाऱ्या परवानगीची) मुदत संपली. विल्हेवाट केंद्र म्हणाले, की चालू संमतिपत्राशिवाय आम्ही गाळ उचलणार नाही. संमतिपत्र देणाऱ्या कार्यालयाने सांगितले, की उत्पादन बंद असलेल्या कारखान्याला चालू ठेवण्याची संमती कशी द्यायची. आपण बंद झाल्याचा अर्ज करा. तो अर्ज केला, तर पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरा मारला, की आवारात घातक कचरा आढळला, सबब प्रकरण बंद करता येत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही, तेव्हा त्याबद्दलची नोटीसही आमच्याच नावे निघाली. ज्या कचऱ्याला हलवण्याची परवानगी मिळत नव्हती, तोच हलवला नाही म्हणून आम्ही दोषी ठरलो. आमची बँक हमीही तिथेच अडकून होती.

शेवटी वरिष्ठ कार्यालयात मी एकाच पानाचे निवेदन दिले, त्यात तिन्ही उत्तरे तारखेनिशी एकाखाली एक मांडली आणि कोणतीही तक्रार न करता एवढेच विचारले, की यांपैकी कोणते उत्तर आधी बदलता येईल. तेथील अधिकारी ते वाचून हसले. केवळ साठा हलवण्यापुरती मुदत देणारे पत्र त्यांनी काढले आणि गाळ गेला. प्लेटिंग, रंगकाम किंवा रसायनांच्या धंद्यातील कोणी हे वाचत असेल, तर संमतिपत्र जिवंत असतानाच पिंपे रिकामी करावीत आणि मगच शेवटची बॅच काढल्याचे जाहीर करावे.

करसल्लागार :

माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत क्रमच उलटा झालेला असतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करण्यासाठी आरईजी-१६ हा अर्ज असतो आणि ती रद्द झाल्यावर ३ महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते. कलम २९(५) प्रमाणे शिल्लक माल आणि यंत्रसामग्रीवर पूर्वी घेतलेल्या कर-वजावटीचा (इनपुट टॅक्स क्रेडिटचा) हिशेब त्या वेळी चुकता करावा लागतो. यंत्रे विकायची बाकी असताना नोंदणी रद्द केली, तर पुढे करासहित बीजक देता येत नाही आणि खरेदीदार मागे हटतो. म्हणून आधी यंत्रे विकावीत. पत्ता बदलला, तर तो अर्जापूर्वी नोंदवावा, नाहीतर नोटीस कुलूपबंद फाटकावर जाऊन परत येते आणि ‘पक्षकाराने उत्तर दिले नाही’ अशी नोंद होते.

निवृत्त अधीक्षक :

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसत होतो, त्यामुळे थोडे अप्रिय लिहितो. वर जे टोलवाटोलवीचे प्रकार आले आहेत, त्यातील काही पैशासाठी होते, हे मी नाकारत नाही. परंतु बरेचसे भीतीपोटी होते. परवाना देताना सही करणाऱ्याला पुढे नूतनीकरणाच्या वेळी चूक दुरुस्त करता येते. बेबाकी दाखल्यावर (काही येणे बाकी नसल्याच्या दाखल्यावर) किंवा ‘हरकत नाही’ यावर सही केली, की ते प्रकरण संपते, आणि नंतर एखादे येणे निघाले तर ते सही करणाऱ्याच्या अंगावर येते. निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांतील नियम २७ खाली निवृत्तीनंतरही, मागील ४ वर्षांतील घटनेबाबत, विभागीय चौकशी सुरू करता येते. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला माणूस अशा कागदावर पहिली सही करायला तयार नसतो. दुसऱ्या कार्यालयाची सही आधी असली, की त्याला बरे वाटते. दुसऱ्या कार्यालयातही तसाच माणूस बसलेला असतो.

यावर उपाय म्हणजे तोंडी उत्तर स्वीकारू नये. अर्ज टपाल शाखेत द्यावा, आवक क्रमांकाची पोच घ्यावी आणि अर्जातच राज्याच्या बदल्या आणि विलंब-प्रतिबंधाविषयीच्या २००५ च्या अधिनियमाचा उल्लेख करावा. आम्ही त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणत असू. त्याच्या कलम १० नुसार सामान्यतः कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणात ४५ दिवसांत आणि पाठवावी लागणाऱ्या प्रकरणात ३ महिन्यांत निर्णय व्हावा. ही मुदत नेहमी पाळली जाते, असे मी म्हणणार नाही. मात्र उल्लेख असला, की टिपणी लिहिणारा ‘अर्जदारास तोंडी कळविले’ एवढ्यावर थांबत नाही. हा कायदा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे, केंद्राच्या कार्यालयांत त्याचा उपयोग नाही.

फिटर :

मी मालक नाही, कामगार आहे, तरीही लिहितो. आमचा कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी पगार दिला, पण भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत आमची सेवा सोडल्याची तारीख भरली गेली नाही. ती नसल्याने पैसे काढण्याचा अर्ज परत येत होता. निधीच्या कार्यालयात सांगत, की तारीख मालकाने भरायची असते. मालक सांगत, की त्यांच्या डिजिटल सहीची मुदत संपली आहे आणि बंद कारखान्यासाठी नवी सही नोंदवायला तेच कार्यालय भागीदारीची नवी कागदपत्रे मागते. दोघेही खरे बोलत होते आणि मुलीच्या कॉलेजची फी तेवढी थांबून होती. पुढे सायबर कॅफेतल्या मुलाने दाखवले, की शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ही तारीख कामगाराला स्वतःच भरता येते. जानेवारी २०२० पासून ही सोय आहे. हे मला कोणत्याही खिडकीवर सांगितले नव्हते. मालकवर्गाला एवढीच विनंती आहे, की सही चालू असेपर्यंत आमच्या तारखा भरून टाकाव्यात. गेट बंद करण्याआधीचे ते अर्ध्या तासाचे काम आहे.

धागाकर्ता :

फिटर यांचे विशेष आभार. डिजिटल सहीचा मुद्दा आम्हालाही भोवला आहे. आमच्या निधीच्या क्रमांकावर आता एकही सदस्य नाही, तरी दरमहा ७५ रुपयांचे किमान प्रशासकीय शुल्क लागू होत राहते आणि क्रमांक कायमचा बंद करण्याचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. प्लेटिंगवाली यांचे एका पानाचे निवेदन मी तिथे वापरून पाहणार आहे.

एका बाबतीत अनुभव हवा आहे. कारखान्याचा वस्तू व सेवा कर क्रमांक रद्द झाला, तरी व्यवसाय कराची भागीदारांच्या नावाची नोंदणी आपोआप रद्द होत नाही आणि वर्षाला २,५०० रुपयांची मागणी चालूच राहते. तिच्या रद्दीकरणासाठी आमच्याकडे भागीदारी विसर्जित झाल्याचा पुरावा मागितला आहे. विसर्जनाची जाहीर सूचना राजपत्रात आणि जिल्ह्यातील स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात द्यावी लागते, ती आम्ही दिली आहे. संबंधित टेबलावर मात्र भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडील नोंदीचा उतारा मागतात, आणि तिथे सर्व करांचे बेबाकी दाखले आधी आणा, असे तोंडी सांगितले गेले. ज्यांची व्यवसाय कराची नोंदणी अशा अवस्थेत रद्द झाली असेल, त्यांनी कोणता कागद पुढे केला, ते लिहावे.