सल्ला हवा: ससा-कासवाचं जुनं कार्टून, आणि तसंच आणखी काही

निवडुंग: रविवारी लेकीचा सहावा वाढदिवस. दहा-बारा पोरं येणार. केक-वेफर्स झाले की अर्धा तास सगळ्यांना एका जागी बसवायचंय, म्हणून भिंतीवर प्राण्यांच्या गोष्टींची जुनी छोटी कार्टून्स लावायचा बेत आहे. निम्मी पोरं मराठी शाळेतली आहेत, तेव्हा इंग्रजी कळलं नाही तरी अडू नये. लहानपणी काकांकडच्या व्हिडिओ कॅसेटवर ससा-कासवाचं एक पाहिलं होतं. त्यात ससा एकटाच टेनिस खेळतो: इकडून चेंडू मारतो आणि पलीकडे पळत जाऊन स्वतःच परतवतो. बाकी सगळं विसरलो. कोणतं असेल?

रानपाखरू: डिस्नेचं 'द टॉरटॉइज अँड द हेअर', 1935 चं. दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन. ऑस्कर मिळालेलं आहे. ससा मॅक्स, कासव टोबी. डोळे झाकून लावा, सात-आठ मिनिटांत संपतं.

आपल्या शाळेच्या पुस्तकातला ससा झोपला म्हणून हरला. हा नुसतं झोपेचं सोंग घेतो. कासव पाय न वाजवता पुढे सरकलं की हा सुसाट निघतो. मग वाटेत मुलींची शाळा लागते आणि महाशय विसरतात की आपण शर्यतीत आहोत. धनुष्यबाण काय, बेसबॉल काय, तुमचं ते टेनिस काय! शेवटी कासव फितीपाशी काय करतं ते सांगत नाही, पोरांना बघू दे.

पेंगुळलेला: +१. त्या सशाचा वेग नीट बघा. अ‍ॅनिमेटर हॅम लस्कनं तो प्रसंग रंगवलाय. ससा इतका झटकन जातो की मागे नुसते रंगाचे फराटे उरतात. तोवर कार्टूनमधलं पळणं म्हणजे पाय गरगर फिरवणं. बग्ज बनी 1940 मध्ये आला, तोही दुसऱ्या स्टुडिओतून, पण ती मिजास पहिल्यांदा या मॅक्सची. (कासवाच्या बाजूनं बोलायला धाग्यावर कुणी येणार नाही वाटतं.)

अक्काबाई: मी आहे ना! रे हॅरीहाउसेननं हीच गोष्ट बाहुल्या हलवून चित्रित करायला घेतली 1952 मध्ये. थोडी करून सोडून दिली, मोठे सिनेमे मिळाले. पन्नास वर्षांनी दोन तरुण चाहत्यांनी त्याच जुन्या बाहुल्या घेऊन ती त्याच्यासोबत पूर्ण केली, 2002 मध्ये. आता सांगा, कासवाचं कार्टून कोणतं? पण पोरांसाठी जरा संथ आहे. तुम्ही मोठ्यांनी बघा.

निवडुंग: टेनिसवाला सापडला, आभार! त्याच्या जोडीला मुंगी आणि नाकतोडा चालेल का? शेवटी मुंग्या नाकतोड्याला हाकलून देतात, ते वाढदिवसाला नको वाटतं.

रानपाखरू: डिस्नेच्या 1934 च्या कार्टूनमध्ये हाकलत नाहीत. थंडीत कुडकुडणाऱ्याला आत घेतात, शेकवतात, आणि राणी म्हणते, इथे राहायचं तर काम करावं लागेल, वाजव तुझं फिडल! मूळ गोष्टीपेक्षा मला हा शेवट आवडतो, गवयाला त्याच्याच कामावर ठेवलाय. आवाज पिंटो कॉल्व्हिगचा, गूफीचा आवाजही त्याचाच.

अक्काबाई: परदेशी झालं सगळं. 'एक अनेक और एकता' राहिलंच की! 1974, फिल्म्स डिव्हिजन, विजया मुळे यांची फिल्म, चित्रं भीमसेन यांची, संगीत आपले वसंत देसाई. जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात, म्हणजे पंचतंत्रातला चित्रग्रीव आणि हिरण्यकच. 'हिंद देश के निवासी' लागलं की पोरांचे आईबापच आधी गायला लागतील, बघा.

पेंगुळलेला: फिल्म्स डिव्हिजनचं 'द बॅन्यन डियर' पण (1957). डिस्नेत हरणाच्या पाडसाच्या 'बॅम्बी' सिनेमावर काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत इथल्या चित्रकारांना शिकवायला आले होते, तेव्हाचं. जातककथा आहे, हरणांवरून बॅम्बी लगेच ओळखू येतो. पण गाभण हरिणीऐवजी हरिणांचा राजा स्वतः मरायला उभा राहतो. सहा वर्षांच्या पोरांना केकनंतर हे नको.

निवडुंग: रविवार पार पडला. चार ठरवली होती, दोनच झाली. टेनिसचा तुकडा सहा वेळा मागे घ्यायला लागला. मग दोन पोरं हॉलमध्येच ससा झाली आणि शेजाऱ्यांची कुंडी फुटली. 'एक अनेक' आईबापांच्या हट्टापायी लागलं, अक्काबाई जिंकल्या. हरणाचं रात्री मी एकटाच बघतो.