‘सरकारने हात आखडता घेतला म्हणून अमेरिका वाढली’ म्हणे!

आडवाट:
मंडळी, मागच्या आठवड्यात खासगीकरणाच्या धाग्यावर एका सदस्याने लिहिलं होतं, “सरकारने हात आखडता घेतला की देश कसा झेपावतो ते पाहायचं असेल तर १७९० ते १८४०ची अमेरिका पाहा.” तिथेच उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय.

त्या पन्नास वर्षांत सरकार नेमकं कुठे नव्हतं, ते मला कुणीतरी दाखवा.

जमिनीचंच बघा. १७८५च्या अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडचा मुलूख चौकोनांत कापायला घेतला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असं एक टाउनशिप, त्याचे ३६ तुकडे, एकेक तुकडा ६४० एकरांचा, त्यातला सोळाव्या क्रमांकाचा शाळेसाठी राखीव. मोजणी सरकारी, नकाशा सरकारी, विक्री सरकारी. १८०३ मध्ये दीड कोटी डॉलर मोजून लुइझियाना घेतलं ते कुण्या शेठजीने नव्हे, जेफरसनच्या सरकारने. (छोटं सरकार हवं म्हणणारा तो हाच. राज्यघटनेत याला परवानगी आहे का, ही शंका त्याची त्यालाच छळत होती.)

मग एरी कालवा. मोहॉक नदीवर आधी एका खासगी कंपनीने खटपट केली होती, तिची मजल फार गेली नाही. शेवटी न्यूयॉर्क राज्याने कर्जरोखे काढले आणि १८१७ ते १८२५ या काळात ३६३ मैल कालवा खणला. ८३ लॉक (बोटी वर-खाली चढवणारे पाण्याचे दरवाजे), खर्च सुमारे ७० लाख डॉलर. बफेलोहून न्यूयॉर्कला टनभर माल न्यायला १०० डॉलर पडायचे, ते दहाच्या आसपास आले. ओहायोचा गहू पूर्वेच्या बाजारात पोचला तो त्यानंतर.

आणि जकात! बोस्टनचा गिरणीमालक फ्रान्सिस कॅबट लॉवेल १८१६ मध्ये स्वतः वॉशिंग्टनला जाऊन बसला. कायद्यात कलम आलं: सुती कापड कितीही स्वस्त असो, त्याची किंमत वाराला किमान २५ सेंट धरायची आणि त्यावर २५ टक्के जकात लावायची. म्हणजे समजा वाराला आठ सेंटचं कापड असेल, तर त्यावर जकातच सव्वासहा सेंट. यात मेलं कोण? स्वस्त, जाडंभरडं हिंदुस्थानी कापड. सेलम आणि बोस्टनची जहाजं ते कलकत्त्याहून भरभरून आणत होती.

तर आखडता हात कुठला, ते सांगा.

बोरूबहाद्दर:
३६३ मैलांचा कालवा आठ वर्षांत पुरा झाला, हे वाचूनच गहिवरून आलं. पुढचं वाचवलं नाही. आमच्या गावच्या कालव्याचा सर्व्हे माझ्या मुंजीच्या वर्षी झाला होता.

दिडकी:
ते वाक्य माझंच, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आडवाट, तुम्ही सरकारचे लागलेले नेम तेवढे मोजलेत. चुकलेले मी मोजतो. अर्थमंत्री हॅमिल्टनने १७९१ मध्ये कारखानदारीवर मोठा अहवाल लिहिला, त्याच वर्षी न्यू जर्सीत पसेइक नदीच्या धबधब्यापाशी पॅटरसन गाव वसवायला सनदी कंपनी काढली. करसवलत, लॉटरीचा अधिकार, सगळं दिलं. पाच वर्षांत कारखाना बंद! त्याच सुमारास ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला सॅम्युअल स्लेटर नावाचा इंग्रज कारागीर सूत काढत होता. विलायतेतून यंत्रं आणि कारागीर बाहेर नेण्यावर बंदी होती, म्हणून गड्याने आराखडे डोक्यात साठवून आणले. पैसा मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याचा, पाणी ब्लॅकस्टोन नदीचं. १७९० मध्ये चात्या फिरायला लागल्या. यात सरकार कुठे आहे?

एरी कालव्यासाठी केंद्राने दमडी दिली नाही. जेफरसनने त्या कल्पनेला वेडेपणाच्या जवळ नेऊन बसवलं होतं, आणि अध्यक्ष मॅडिसनने रस्ते-कालव्यांच्या निधीचं विधेयक १८१७ मध्ये पद सोडता सोडता नाकारलं. न्यूयॉर्कचा जुगार जमला, हे खरं. ते पाहून पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन सगळ्यांनी कर्ज काढून कालवे आणि रेल्वे आरंभल्या. १८४१-४२ मध्ये आठ राज्यांनी कर्जाचे हप्ते थकवले. जिंकलेल्या तिकिटाचा फोटो दाखवायचा आणि हरलेली तिकिटं खिशात ठेवायची, याला विदा (डेटा) म्हणत नाहीत.

सरकी:
तुम्हा दोघांचं भांडण मजेशीर आहे. एक म्हणतो सरकारने वाढवलं, दुसरा म्हणतो शेठजीने. राबलं कोण आणि जमीन कुणाची होती, याचा दोघांच्याही प्रतिसादात पत्ता नाही.

मी वऱ्हाडातली. कापूस जिनिंगला आला की आवारात रुईचे ढीग वेगळे आणि सरकीचे वेगळे लागतात, ते बघत मोठी झाले. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटते. हाताने सोडवायची तर माणूस दिवसभरात शेर-दोन शेर रुईच्या पुढे जात नाही. एलाय व्हिटनीच्या यंत्राने १७९३ मध्ये ही अडचण संपली आणि जॉर्जियाच्या आतल्या भागापासून मिसिसिपीपर्यंत कुठेही कापूस परवडू लागला. यंत्राने माणसांचे कष्ट वाचले असं शाळेत शिकलो ना? वाचले ते सरकी काढण्याचे. पेरणी, निंदणी, वेचणी हातानेच होती, आणि आता दसपट रानात. १७९०च्या जनगणनेत गुलाम सात लाखांच्या आत होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. व्हर्जिनिया-मेरिलँडकडून दक्षिणेच्या नव्या कापूसपट्ट्यात सुमारे दहा लाख माणसं नेली गेली, कित्येक साखळदंडात, पायी. पश्चिमेकडचा विस्तार म्हटलं की छपराची बैलगाडी आणि हिंमतवान कुटुंब डोळ्यापुढे येतं. ही पायपीटही त्याच विस्तारातली आहे.

आणि पॉटकेटच्या त्या चात्यांवर कापूस कुणाचा होता, दिडकी? तो मोझेस ब्राउन स्वतः गुलामगिरीचा कडवा विरोधक, हे आणखी एक.

दिडकी:
सरकी, गुलामगिरीचं समर्थन मी करत नाही, हे आधी नोंदवतो. पण गुलाम आणि कापूस हेच कारण असेल, तर ब्राझीलमध्ये लॉवेलसारखं गिरण्यांचं गाव का उभं राहिलं नाही? तिथे गुलाम कमी होते का? अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने हिशोब मांडलाय, की निर्यातीत कापूस निम्म्याहून जास्त असला तरी देशाच्या एकूण उत्पन्नात कापसाच्या निर्यातीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच होता.

ओहायो आणि केंटकीच बघा. मधे एक नदी. १७८७च्या अध्यादेशाने उत्तरेच्या काठावर गुलामगिरीला बंदी, दक्षिणेच्या काठावर मोकळीक. १८०० मध्ये ओहायोत ४५ हजार वस्ती, केंटकीत २ लाख २० हजार. १८४० मध्ये ओहायोत १५ लाख, केंटकीत ७ लाख ८० हजार. माती तीच, पाऊस तोच. गुलामगिरी हे वाढीचं इंजिन असेल तर ते उलटं का धावलं?

खडूफळा:
ओहायो-केंटकीचा मुद्दा बिनतोड आहे. सरकी, उत्तर वाचायला उत्सुक. (मी अजून कुंपणावर.)

साचेवाल्याचा नातू:
मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, म्हणून दोन शब्द. लॉवेल गावातल्या जुन्या गिरणीचं आता म्युझियम झालंय. तिथे एका दालनात ८८ माग ठेवलेत, रोज त्यांतले काही चालवून दाखवतात. आत जाताना कानात घालायला बोळे देतात. आजोबा परळच्या गिरणीत साचाखात्यात होते, म्हातारपणी त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं. ते का, हे मला तिथे पाच मिनिटांत कळलं. बोळे नंतर खिशातच राहिले, घरी आणलेत.

लॉवेलच्या मागांवर सुरुवातीला बहुतेक शेतकऱ्यांच्या मुली होत्या, न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून आलेल्या. कंपनीच्या खानावळीत राहायचं, घंटेवर उठायचं, आठवड्याला सरासरी ७३ तास काम. १८३४ मध्ये मजुरी कापली म्हणून आणि १८३६ मध्ये खानावळीचे पैसे वाढवले म्हणून त्या काम टाकून रस्त्यावर आल्या. दहा तासांच्या दिवसासाठी सेरा बॅग्ली आणि तिच्या मैत्रिणींनी विधिमंडळाकडे अर्ज केले. तेव्हा मात्र सरकारचा हात खरोखरच आखडला, दिडकी. हा मुद्दा तुम्हाला बक्षीस.

दुसरं, तिथे विणलेल्या कापडात एक जाडाभरडा प्रकार खास दक्षिणेतल्या गुलामांच्या अंगावर घालायला जायचा. पाच टक्के म्हणताना हे कुठल्या खात्यात धरलं?

अवांतर: लॉवेलला १८१६ मध्ये हवी तशी जकात मिळाली. मुंबईच्या गिरण्यांना १८९६ मध्ये काय मिळालं? आपल्याच देशात विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, मँचेस्टरची समजूत काढायला. लॉवेलला जाऊन बसायला वॉशिंग्टन होतं. आपली राजधानी लंडनला होती.

आडवाट:
नातू, तो अवांतर मुद्दाच खरं तर मूळ लेखात हवा होता. माझ्या लक्षात आला नाही.

सरकी:
खडूफळा, घ्या उत्तर.

ओहायोत गुलाम नव्हते, मान्य. तो अध्यादेश मोलाचा होता, हेही मान्य. पण ओहायोचा मका आणि डुकराचं मांस जायचं कुठे? कालव्याआधी, आणि नंतरही बरंचसं, नदीने खाली न्यू ऑर्लिन्सकडे. त्यातलं काही मळ्यांवर पोट भरायला उतरायचं. काठ दोन होते, बाजार एकच.

आता ती ‘मोकळी’ जमीन. त्याच १७८७च्या अध्यादेशात लिहिलंय, की इंडियनांशी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी, पराकोटीच्या सचोटीने वागावं, त्यांच्या संमतीशिवाय जमीन घेऊ नये. चार वर्षांनी अमेरिकी सेनापती सेंट क्लेअरची फौज ओहायोत घुसली आणि सहाशेहून जास्त सैनिक गमावून परतली. १७९४ मध्ये पुन्हा फौज गेली, फॉलन टिंबर्सला जिंकली, आणि १७९५च्या ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायोचा बहुतेक भाग सोडवून घेतला. दिडकींच्या ४५ हजारांतले बरेचसे त्या तहानंतरचे. फौजेचा खर्च कुणी केला? सरकारने! म्हणजे आडवाट जिंकले. अभिनंदन. पण असं जिंकून त्यांना आनंद होईल असं वाटत नाही.

आणि चेरोकी, आग्नेयेकडची मूळ रहिवासी जमात. ‘सुधारा’ म्हणून सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. १८२१च्या सुमारास सिक्वोयाने भाषेला लिपी दिली, १८२७ मध्ये लिखित घटना, १८२८ मध्ये स्वतःचं वृत्तपत्र. साडेसातशेहून जास्त माग, अडीच हजारांच्या आसपास चरखे, पिठाच्या गिरण्या. त्यांच्यातल्या श्रीमंतांकडे गुलामसुद्धा होते, इतकी नक्कल बिनचूक. मग त्यांच्या मुलखात सोनं सापडलं. इंडियनांच्या स्थलांतराचा कायदा १८३० मध्ये प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी निघाला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेरोकींच्या बाजूने लागला, उपयोग शून्य. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजारांना मिसिसिपीपलीकडे हाकललं, त्यात चारेक हजार दगावले. उद्यमशीलता, कष्ट, मालमत्ता हे तुमचे तिन्ही निकष लावा, दिडकी. यांचं काय चुकलं ते सांगा.

दिडकी:
काही चुकलं नाही. मालमत्तेचा हक्क मानणाऱ्याने चेरोकींच्या बाजूनेच उभं राहायला हवं, आणि मी आहे. उलट मी म्हणेन की सरकारला इतकी ताकद दिली की ती अशीच वापरली जाते. माझं ते मूळ वाक्य ढिसाळ होतं. ‘हात आखडता’ऐवजी दुसरं काहीतरी लिहायला हवं होतं, काय ते अजून सुचलेलं नाही.

पण ओहायोवर मी ठाम आहे. आणि आडवाट, आठ राज्यांच्या थकलेल्या हप्त्यांवर तुम्ही चकार शब्द काढलेला नाही, हे मी विसरलेलो नाही.

आडवाट:
लिहितो. रविवारी. इंडियानाचे आकडे नीट बघायचेत.

बोरूबहाद्दर:
तोवर आमच्या कालव्याचा सर्व्हे पुन्हा होईल.