आधी हिचवरचं वजन मोजा
तुमचा ६००० पौंडांचा ट्रेलर शेजारून मोठा ट्रक गेला की डोलतो, म्हणून फ्रिक्शन बार (घर्षणाने डोलणं रोखणारा दांडा) घेताय. थांबा, आधी हिचवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतो त्या जोडणीवर, येणारं वजन मोजा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ६०० ते ९०० पौंड हवं. आमचं कमी भरलं. सायकली आणि जनरेटर पार मागे बांधले होते. पुढे आणल्यावर बराच फरक पडला.

फ्रिक्शन बार छोट्या ट्रेलरला ठीक, पण रिव्हर्स घेण्याआधी उतरून काढावा लागतो. भर पावसात, अंधारात ते फार जिवावर येतं. तुम्ही स्वे कंट्रोल (डोलणं रोखणारी सोय) असलेला वेट डिस्ट्रिब्युशन हिचच, म्हणजे हिचवरचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा हिच, घ्या. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर तर आडवा वारा भयंकर असतो, तिथे तो लागतोच.

आणि कृपा करून, ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबू नका. गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रकमधल्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.